दोंडाईच्याची मच्छरदाणी

शिंदखेडा कुठे आहे असं पुण्यात कोणी विचारलं की मी "धुळ्याच्या वर, सुरत-भुसावळ लाइनवर" असं सांगतो. त्याने समोरच्याच्या डोक्यात फारसा प्रकाश पडत नाही. मग मी "दोंडाईचा ऐकलंय का? मिरचीवालं?" असं विचारतो. इथे मात्र निम्म्या लोकांची मान हलते. दोंडाईचा आमच्याच तालुक्यात. शिंदखेड्याहून नंदुरबारच्या दिशेने गाडीत बसलं की थोड्याच वेळात येतं.

पण मंडळी, याच दोंडाईच्याचं नाव जगभरच्या सर्जरीच्या जर्नल्समध्ये येतं ते मिरचीसाठी नाही, मच्छरदाणीसाठी. गंमत नाही करत. डासांसाठी विकली जाणारी मच्छरदाणी, तिचा तुकडा कापून, निर्जंतुक करून माणसाच्या पोटाच्या भिंतीत बसवायचा, ही गोष्ट जगापुढे व्यवस्थित मांडली ती दोंडाईच्याच्या एका सर्जनने. या वीकेंडला तेच लिहायचंय. पण त्याआधी ऑपरेशन थिएटरमधल्या कापडाचा (म्हणजे कोट, गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे या सगळ्याचा) इतिहास थोडा बघावा लागेल. नाहीतर मच्छरदाणी पोटात घालणं हे धाडस होतं, बेजबाबदारपणा होता की तिसरंच काही, हे ठरवता येणार नाही.

सुरुवात काळ्या कोटापासून करू.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतले सर्जन ऑपरेशनला येताना कपडे बदलायचे, पण चांगले कपडे खराब होऊ नयेत म्हणून! आपल्याकडे होळीला जुना शर्ट काढून ठेवतात ना, तसा ऑपरेशनचा एक जुना काळा कोट असायचा. त्यावर रक्त आणि पू वाळून तो कडक व्हायचा, आणि जितका कडक कोट तितका अनुभवी डॉक्टर असं मानलं जायचं. फिलाडेल्फियाचा चित्रकार टॉमस ईकिन्स याची दोन प्रसिद्ध चित्रं आहेत. १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस आणि त्यांचे सहकारी नेहमीच्या काळ्या कोटात उभे आहेत, हात रक्ताने माखलेले. १८८९ च्या चित्रात डॉ. ॲग्न्यू आणि मंडळी पांढऱ्या कपड्यांत. एकच शहर, एकच चित्रकार, मध्ये फक्त १४ वर्षं. या १४ वर्षांत काय घडलं ते चित्राच्या रंगातच दिसतं. (हातमोजे आणि मास्क मात्र दुसऱ्या चित्रातही नाहीत. ते अजून यायचे होते.)

स्वच्छ कपड्यांची कल्पना तशी नवी नव्हती. सुश्रुतसंहितेत वैद्याने नखं आणि केस कापलेले ठेवावेत, शुचिर्भूत असावं, पांढरं वस्त्र नेसावं असं सांगितलंय. जखम झालेल्या रुग्णाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यायला सांगितली आहे. आता यावरून "आपल्याला सगळं आधीच माहीत होतं" अशी मेल फॉरवर्ड करणारे खूप आहेत. माझं म्हणणं थोडं वेगळं. सुश्रुताचं निरीक्षण उत्तम होतं यात शंका नाही, पण जंतू म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. आणि कारण माहीत नसलं की चांगली सवय टिकतेच असं नाही. पिढ्यांनंतर नुसता विधी उरतो किंवा तोही सुटतो. आपल्या कोडमध्ये कमेंट नसलेली एखादी ओळ असते, कोणीतरी "ही कशाला आहे?" म्हणून उडवून टाकतो आणि प्रॉडक्शन झोपतं. तसंच.

कारण शोधण्याची धडपड १९व्या शतकात झाली. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेलं मृत्यूचं प्रमाण त्या उन्हाळ्यात २ टक्क्यांच्या आसपास आलं. तरी डॉक्टरांना ते पटलं नाही, कारण त्याचा अर्थ "आम्हीच बायकांना मारत होतो" असा होत होता. मग पाश्चरचे प्रयोग वाचून ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरने १२ ऑगस्ट १८६५ ला जेम्स ग्रीनलीज या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेलं ड्रेसिंग बांधलं. गाडीखाली येऊन हाड मोडलेलं, वर उघडी जखम. त्या काळात अशा जखमेला उपाय म्हणजे बहुतेकदा पाय कापणं. मुलाचा पाय वाचला. १८६७ मध्ये लिस्टरने हे सगळं 'लॅन्सेट'मध्ये छापलं.

लिस्टरची पद्धत म्हणजे जखमेत जंतू आहेत, त्यांना औषधाने मारा. त्याच्या पुढची पायरी जर्मनांनी गाठली : जंतू जखमेपर्यंत येऊच देऊ नका. कील शहरात गुस्ताव नॉयबरने १८८० च्या दशकात ऑपरेशनसाठी निर्जंतुक गाऊन आणि टोप्या वापरायला सुरुवात केली. बर्लिनमध्ये अर्न्स्ट फॉन बेर्गमानने कपडे आणि ड्रेसिंग वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत बसवली. पॅरिसमध्ये शार्ल शांबरलॉंने १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह बनवलाच होता. धुतलेलं कापड आणि निर्जंतुक कापड हे दोन वेगळे प्रकार आहेत ही गोष्ट इथे पहिल्यांदा पक्की झाली. पांढरंशुभ्र, इस्त्री केलेलं, निरम्याच्या जाहिरातीतलं कापडसुद्धा सर्जनच्या दृष्टीने "घाण" असू शकतं. आणि डाग न गेलेलं, विटलेलं, हिरवट कापड ऑटोक्लेव्हमधून नीट निघालं असेल तर ते "स्वच्छ". ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हातमोज्यांची कथा तर सिनेमाची आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम हॅल्स्टेड हे मोठे सर्जन होते. त्यांच्या थिएटरची मुख्य नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन. हात धुवायच्या मर्क्युरिक क्लोराइडने तिच्या हातांची सालपटं निघायला लागली. नोकरी सोडायची वेळ आली. १८८९-९० च्या हिवाळ्यात हॅल्स्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं. :-)

म्हणजे हातमोजे आले ते रुग्णाला वाचवायला नाही, नर्सचे हात वाचवायला. हळूहळू मदतनीस वापरायला लागले, त्यांना सोयीचे वाटले. पण खुद्द सर्जन मात्र बरीच वर्षं उघड्या हातांनीच ऑपरेशन करत होते. त्यांचा शिष्य जोसेफ ब्लडगुड याने मग सगळ्यांनीच नेहमी मोजे घालायला सुरुवात केली आणि मुख्य म्हणजे आकडे ठेवले. १८९९ मध्ये त्याने ते छापले. हर्नियाच्या ऑपरेशननंतर जखम पिकण्याचं प्रमाण १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं होतं. यात हर्निया का निवडला? कारण हर्निया ही "स्वच्छ" शस्त्रक्रिया. तिथे आधीपासून पू नसतो. जखम पिकली तर जंतू बाहेरूनच आले असणार, म्हणजे आपणच आणले असणार. टेस्ट केस म्हणून एकदम परफेक्ट.

मास्क त्याच सुमारास, १८९७ मध्ये आला. कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवलं की बोलताना तोंडातून उडणाऱ्या बारीक थेंबांमधून जंतू पसरतात. त्यांच्याच शहरात, ब्रेस्लाउमध्ये, योहान मिकुलिच या सर्जनने तोंडाला जाळीदार कापड बांधून ऑपरेशन करायला सुरुवात केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बर्जेनेही मास्क बांधला. त्याच्या लक्षात आलं होतं की स्वतःची किंवा मदतनिसाची दाढ किडून सुजलेली असेल त्या दिवसांतल्या जखमा पिकतात. केवढं निरीक्षण!

आता थोडी पंचाईत सांगतो. मास्कमुळे रुग्णाच्या जखमेचा संसर्ग कमी होतो याचा पुरावा हातमोज्यांइतका भक्कम नाही. इंग्लंडमध्ये कोल्चेस्टरच्या नील ऑर यांनी १९८० मध्ये सहा महिने थिएटरमध्ये मास्क न घालता काम केलं. १९८१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की संसर्ग वाढला नाही. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या ३,०८८ रुग्णांच्या अभ्यासातही मास्क आणि बिनमास्क यांत ठळक फरक दिसला नाही. तरीही मास्क गेला नाही, आणि जाऊही नये. उडणाऱ्या रक्तापासून तो सर्जनला वाचवतो, आणि सर्दी-खोकला असलेल्याच्या तोंडापुढे काही नसण्यापेक्षा काही असलेलं बरं. पण मुद्दा असा की थिएटरमधल्या प्रत्येक कापडामागचा पुरावा सारखा नसतो. काही नियम आकड्यांवर उभे आहेत, काही तर्कावर, काही सवयीवर.

हिरव्या रंगाचं तसं नाही, त्याचं कारण अगदी साधं. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मनना पांढऱ्या कपड्यांवरच्या प्रकाशाने डोळे दिपतात हे जाणवलं आणि त्यांनी पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग निवडला. सतत लाल बघून थकलेल्या डोळ्यांना हिरवा बरा वाटतो. जंतूंशी त्या रंगाचा काही संबंध नाही.

आणि एक गोष्ट १९५२ मध्ये बेक आणि कॉलेट या दोघांनी दाखवली, जी मला सगळ्यात जास्त आवडते. सुती गाऊन ओला झाला की त्यातून जंतू आरपार जातात. म्हणजे ऑटोक्लेव्हमधून काढलेला उत्तम गाऊन घातला, पण पोटाशी रक्ताने किंवा पाण्याने भिजला, तर तो त्या जागी गाऊन राहिलाच नाही. दिसतो गाऊन, काम शून्य. आपल्याकडे लॉगिन पेज असतं आणि मागचा एपीआय उघडा असतो, त्यातला प्रकार.

हे झालं परदेशचं. आता मुंबई.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत खानदेशासकट सगळ्या मुंबई इलाख्यात पसरला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा गेली. तीच आजची हाफकिन संस्था. ऑक्टोबर १९०२ मध्ये या परळच्या लसीच्या बाटल्या पंजाबात मलकोवाल गावी गेल्या. १०७ लोकांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले.

चौकशी समिती बसली. ठपका परळवर, म्हणजे हाफकिनवर आला. त्यांनी लस बनवताना कार्बोलिक ॲसिड वापरण्याऐवजी उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली होती, ते कारण धरलं गेलं. त्यांना कामावरून दूर केलं. पण नोंदी नीट बघितल्यावर वेगळंच दिसलं. त्या दिवशी मलकोवालला बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता परत वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. त्याच लॉटच्या इतर बाटल्यांनी कोणाला काही झालं नव्हतं. रोनाल्ड रॉस (तेच, मलेरियावाले) आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू घेतली आणि त्याच वर्षी त्यांच्यावरचा ठपका गेला. पाच वर्षं!

मी पोस्टमॉर्टेम मीटिंगांना बसलेलो माणूस आहे, त्यामुळे मलकोवाल मला फार ओळखीचं वाटतं. चूक मोठ्या मशीनमध्ये शोधली जाते, आणि असते शेवटच्या माणसाच्या हातातल्या चिमट्यात. पण म्हणून "त्या मदतनिसाला शिक्षा करा" हेही उत्तर नाही. उघड्यावर, गर्दीत, घाईत काम करणाऱ्याच्या हातून चिमटा पडणारच. पडल्यावर दुसरा तयार चिमटा शेजारी पाहिजे. व्यवस्था त्याला म्हणतात.

आता आमच्या भागाकडे येतो.

तालुक्याच्या गावातलं छोटं हॉस्पिटल डोळ्यापुढे आणा. खाली ओपीडी, वर दहा-बारा खाटा, कोपऱ्यात ओटी. गच्चीवर दोरीला हिरवी कापडं वाळत घातलेली. त्यांच्या घड्या घालून स्टीलच्या गोल ड्रममध्ये भरायच्या, ड्रमच्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या म्हणजे वाफ आत जाते, आणि ऑटोक्लेव्ह झाल्यावर त्या लगेच बंद करायच्या. हे सगळं बघणारी एक सिस्टर आणि एक मावशी. हातमोजेसुद्धा पूर्वी एकदा वापरून फेकत नसत. धुवून, पाणी भरून भोक बघून, पावडर लावून परत ऑटोक्लेव्हला जायचे. शहरातल्या माणसाला हे ऐकून कसंतरी होईल. पण आधी लक्षात ठेवायला सांगितलेलं आठवा. दिसणं आणि निर्जंतुक असणं वेगळं.

ऑटोक्लेव्ह हे प्रकरण आपल्या घरातल्या कुकरचंच मोठं भावंडं. साध्या पाण्याला १०० अंशांच्या वर नेता येत नाही, आणि धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. दाब वाढवला की पाणी जास्त तापमानाला उकळतं. चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब म्हणजे १२१ अंश. त्या वाफेत १५-२० मिनिटं ठेवलं की बीजाणूसुद्धा मरतात. अट एकच, आतली सगळी हवा निघून गेली पाहिजे. हवेचा खिसा राहिला की तिथलं कापड गरम होतं पण निर्जंतुक होत नाही. म्हणून ड्रममध्ये कापडं ठासून भरायची नाहीत, आणि म्हणून रंग बदलणारी टेप लावायची. हे सगळं नीट केलं तर दोंडाईच्याची १२१ अंश वाफ आणि बाल्टिमोरची १२१ अंश वाफ यांत काडीचाही फरक नाही. तापमानाला गाव कळत नाही.

आता हर्निया, म्हणजे अंतर्गळ. पुरुषांमध्ये आयुष्यात कधी ना कधी जांघेतला हर्निया होण्याची शक्यता सुमारे २७ टक्के धरतात. म्हणजे चारात एक. पोटाच्या भिंतीतली कमकुवत जागा, त्यातून आतडं बाहेर डोकावतं. आमच्याकडे पोती उचलणारे, विहिरीवर, शेतात राबणारे, त्यांच्यात हे घरोघर. माझे एक लांबचे मामा दहा-बारा वर्षं कमरेला हर्नियाचा पट्टा बांधून मिरचीची पोती उचलत होते. ऑपरेशनचं विचारलं की "दुखत नही, मंग काय करानं शे?" हे उत्तर. खरं कारण वेगळं होतं. पैसे, आणि दीड-दोन महिने बुडणारी मजुरी. एका रात्री आतडं अडकलं आणि धुळ्याला पळवावं लागलं. वाचले. पण त्या रात्री जीपमध्ये मामींच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

हर्नियाचं जुनं ऑपरेशन म्हणजे मोकळी झालेली जागा ओढून शिवणं. इटलीच्या बासिनीने १८८० च्या दशकात त्याची पद्धत बसवली. पण ओढून शिवलेलं कापड ताण आला की टाक्यापाशी उसवतं, हे कुठलाही टेलर सांगेल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी वापरायला सुरुवात केली, आणि १९८० च्या दशकात लिश्टेन्स्टाइन यांनी ताण न देता नुसतं ठिगळ लावण्याची पद्धत लोकप्रिय केली. हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण खूप कमी झालं. अडचण एकच. ती कंपनीची जाळी महाग. इतकी की आमच्याकडच्या मजुराला ठिगळाचीच किंमत ऑपरेशनइतकी वाटावी.

इथे येतात दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. १९९० च्या दशकात त्यांनी स्वतःला प्रश्न विचारला की या महाग जाळीत असतं काय? तर पॉलिप्रोपिलीनचा धागा. आणि बाजारात मिळणाऱ्या मच्छरदाणीच्या कापडात काय असतं? पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन यांचं मिश्रण. जवळजवळ तोच धागा, तशीच छिद्रं, किंमत काही रुपये.

आता इथपर्यंतची गोष्ट "जुगाड" म्हणून सांगता येते, आणि बहुतेक लोक तशीच सांगतात. मला तो शब्द इथे अजिबात पटत नाही. जुगाड म्हणजे चाललं तर चाललं, नाही चाललं तर बघू. माणसाच्या पोटात कायमची राहणारी वस्तू अशी घालता येत नाही. बाहेरची जाळी आत असताना तिथे जंतू शिरले तर ते जाळीच्या धाग्यांना चिकटून बसतात, औषधं पोचत नाहीत, आणि कधी कधी जाळीच काढावी लागते. म्हणजे हर्नियाच्या बाबतीत आपण वर पाहिलेलं सगळं (हात, मोजे, गाऊन, ऑटोक्लेव्ह) नेहमीपेक्षा जास्त काटेकोर लागतं. जाळी स्वस्त झाली म्हणून बाकीचं स्वस्त करून चालत नाही.

टोणगावकरांनी काय केलं? एकट्याच्या अनुभवावर थांबले नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या आणखी चार सर्जनांना बरोबर घेतलं, साडेतीनशेहून जास्त हर्निया या कापडाने दुरुस्त केले, रुग्णांचा पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये निष्कर्ष छापले. शीर्षकातच "प्राथमिक चाचणी" असं लिहिलंय. हा प्रामाणिकपणा मला फार भावतो. "आम्ही शोध लावला" नाही. "आम्ही एवढं बघितलंय, पुढचं तुम्ही बघा". ब्लडगुडने १८९९ मध्ये हातमोज्यांचे आकडे छापले होते ते हर्नियाचेच, आणि एका शतकाने आमच्या तालुक्यातून आकडे छापले गेले तेही हर्नियाचेच.

मग पुढच्यांनी खरंच बघितलं. बुर्किना फासो, घाना अशा देशांत मच्छरदाणीच्या जाळीने ऑपरेशनं झाली. शंकाही निघाल्या, आणि त्या रास्त होत्या. पहिली : मच्छरदाणीला कीटकनाशक लावलेलं असतं त्याचं काय? उत्तर : तसली अजिबात वापरायची नाही, साधं कापडच घ्यायचं. दुसरी शंका जास्त मजेशीर आणि आपल्या विषयातली. मोठ्या हॉस्पिटलांमध्ये वेळ वाचावा म्हणून ऑटोक्लेव्ह १३४ अंशांवर चालवतात. पॉलिएथिलीन त्याच सुमाराला वितळतं! जाळी आकसते, कडक होते. १२१ अंशांवर मात्र ती टिकते. म्हणजे जुन्या पद्धतीचं, सावकाश चालणारं १२१ अंशांचं मशीनच इथे योग्य, आणि "आमच्याकडे जास्त भारी मशीन आहे" म्हणणाऱ्याने उलट सावध राहायचं. स्वस्त वस्तू वापरायला महाग वस्तूपेक्षा जास्त ज्ञान लागतं ते असं.

शेवटचा शिक्का जानेवारी २०१६ मध्ये बसला. युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची, कोणाला कुठली हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. एका वर्षाने मच्छरदाणीच्या गटात एका माणसाचा हर्निया परत आला, कंपनीच्या गटात एकाचाही नाही. ऑपरेशननंतरच्या तक्रारी दोन्हीकडे सुमारे ३० टक्के, म्हणजे जवळपास सारख्या. खर्चात फरक रुग्णामागे सुमारे १२५ डॉलरचा. हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं. तिथे छापून येणं म्हणजे आपल्याकडे लिनक्स कर्नलमध्ये पॅच जाणं समजा. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय हर्निया मार्गदर्शक तत्त्वांमध्येही साधनं कमी असलेल्या ठिकाणी अशी स्वस्त जाळी हा पर्याय मान्य झाला.

आता कोणी म्हणेल, गरिबाला मच्छरदाणी आणि श्रीमंताला कंपनीची जाळी, हा कसला न्याय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझं उत्तर असं की गरिबाला वाईट वस्तू दिली तर तो अन्याय. तपासून, मोजून, तितकीच चांगली निघालेली वस्तू स्वस्तात दिली तर अन्याय झाला तो महाग वस्तू घेणाऱ्यावर! पण यात "तपासून, मोजून" हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. ते गाळले की उरतो तो भयंकर प्रकार. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळ कुटुंब नियोजनाच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली, आणि त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर डझनाहून जास्त जणी गेल्या. भेसळीच्या गोळ्या की जंतुसंसर्ग, यावर वाद झाला. पण वापरात नसलेली इमारत, घाई आणि एकामागून एक टेबलावर येणाऱ्या बायका, यावर वाद नव्हता. स्वस्त मच्छरदाणीने माणसं मेली नाहीत, घाईने मेली.

या सगळ्यातून मला कळलेलं एवढंच की संसर्ग अडवतो तो कपडा नाही, त्या कपड्याभोवतीची शिस्त अडवते. गेल्या काही वर्षांतले मोठे अभ्यासही तेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी एका पानाची चेकलिस्ट काढली. नवी दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून बघितल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भारतासह सात देशांतल्या १३,३०१ रुग्णांचा अभ्यास आला. पोटाचं ऑपरेशन संपताना, जखम शिवण्याआधी फक्त हातमोजे आणि हत्यारं बदलली, तर जखम पिकण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर येतं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. मोजे बदला, चिमटा बदला. मलकोवालचा धडा १२० वर्षांनी पुन्हा.

तुमच्यापैकी बहुतेकांचा ऑपरेशन थिएटरशी संबंध आलाच तर पेशंटचे नातेवाईक म्हणून येईल. तेव्हा हॉस्पिटलची लॉबी, एसी आणि कॉफी मशीन बघून मत बनवू नका. विचारायचंच असेल तर विचारा की ऑटोक्लेव्हची नोंदवही कोण ठेवतं, टेप बघतं कोण, एका दिवसात किती ऑपरेशनं होतात. शांतपणे उत्तर देणारी सिस्टर भेटली तर समजा योग्य ठिकाणी आलात, मग गच्चीवर हिरवी कापडं वाळत का असेनात.

आणि पुढच्या वेळी कोणी दोंडाईच्याचं नाव काढलं तर मिरचीच्या जोडीने मच्छरदाणीचंही सांगा. आमच्या तालुक्याला तेवढंच बरं वाटेल.